चपला आत घ्या

तिच्याकडे येणाऱ्यानं चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत, हातात धरून आत न्यायच्या. ती आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं आली आणि पहिल्याच आठवड्यात हा नियम माझ्या लक्षात आला. तुम्हीही शेजारपाजारावर नजर ठेवणारे असाल, तर माझी तगमग तुम्हाला कळेल. दारातल्या चपला बघून कोण आलंय ते सांगणारी बाई मी. तिनं माझी बातमीच बंद केली.

तरुणपणी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. कॉल जोडला की कान काढून घ्यायचा, असा तिथला शिरस्ता. मी काढत नसे. अर्ध्या सोलापूरची लग्नं मला मुलीच्या बापाआधी कळायची आणि संध्याकाळपर्यंत पोटात राहायची नाहीत. स्वतःला मी मोठी गुप्तहेर समजायचे. होते नुसती गळकी बादली.

ती नातेपुत्याची, इथल्या एका दैनिकात बातमीदार. मी शेंगाचटणी घेऊन वर जायचे आणि हळूच विचारायचे, आजची ती बातमी कुणी दिली गं? चटणी ती ठेवून घ्यायची.

"कुणी दिली ते सोडा की काकू. खरी हाय का तेवढं बघा."

एकदा तिनं मुलींच्या एका वसतिगृहातल्या जेवणाची बातमी दिली. तांदळात अळ्या, डाळीत नुसतं पिवळं पाणी; आणि फोटो थेट आतल्या स्वयंपाकघरातले. कुणीतरी बेकायदा घुसून फोटो काढले, अशी ठेकेदारानं तक्रार केली. तिला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. फोटो कुणी दिले ते सांगा, फोन जमा करा. तिनं फोनसाठी लेखी आदेश मागितला. नाव काही सांगितलं नाही.

मला मात्र ते कळलं होतं. बातमीच्या आदल्या दिवशी जिन्यात एक बाई भेटली, चपला हातात. आमच्या गल्लीतल्या लग्नकार्यात पोळ्या लाटायला यायची, एरवी त्याच वसतिगृहात कामाला. नवरा गेलेला, पदरात दोन मुली.

"मला कळलंय हं कोण ते," मी वर जाऊन फुशारकी मारली.

ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "मग इसरा," ती म्हणाली. "तिची नोकरी जाईल, काकू."

कायदा असेल की तुमच्या बाजूनं, मी म्हटलं. तर म्हणाली, नाव न सांगायचा हक्क कुठं सरळ लिहून ठेवलेला नाही. कोर्टानं विचारलं तर वकील भांडेल. तोवर आपणच तोंड मिटायचं.

चार दिवसांनी हवालदार आमच्या दारात. वर कोण कोण येतं, काकू? आयुष्यभर मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांना बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. गॅसवाला वजनात कसा मारतो, कुरिअरवाल्याचं लग्न का मोडलं, माझ्या नणंदेचे गुडघे. वसतिगृहातली कुणी आलती का, त्यांनी मध्येच विचारलं, तेव्हा मी माझ्या पहिल्या बाळंतपणापाशी पोचले होते. ते वही मिटून उठले.

वर ती जिन्यात बसून ऐकत होती. "काकू, एवढं खरं बोलून काहीच कसं सांगितलं न्हाई हो तुमी?" म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसले.

तिच्या दैनिकाचा मात्र धीर सुटला. तिला जाहिरातींच्या टेबलावर बसवलं. दोन महिन्यांनी राजीनामा देऊन ती लातूरला गेली. ठेकेदाराच्या तक्रारीचा खटला अजून चालू आहे; तारीख असली की कोर्टापुरती येते आणि परस्पर जाते. वरच्या खोलीत एक बँकवाला राहतो. त्याच्याकडे कोण येतं-जातं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अगदी बेचव माणूस.

परवा मंडईत मेथी घेत होते. ती पोळ्यावाली शेजारी येऊन उभी राहिली. अजून तिथंच कामाला आहे. आता तांदूळ बरा येतो, असं भाजीवालीला सांगत होती. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ताई बऱ्या हायत का वो?"

"कोण ताई?" मी म्हटलं.

तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि माझ्यासाठी चांगलीशी जुडी शोधायला लागली.