एक कोडी पाण्याची

मोहझरी नदी वैनगंगेला जिथं मिळते तिथला मोठा डोह शकुबाईच्या अंगणातून दिसायचा. लग्न होऊन ती ढिवरटोल्यात, मासेमारांच्या वस्तीत, आली त्या दिवशी सासूनं तिला आधी डोह दाखवला आणि मग चूल. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की तिचं पाणी मोहझरीत कोसभर उलटं चढायचं. त्याच्यासोबत कतला, वाम, मरळ अशी मासळी आत यायची. पूर उतरला की पाणी डोहात थबकायचं, मासळी तिथंच वाढायची, आणि टोल्यातली दहा घरं होळीपर्यंत तिच्यावर निभायची.

एकोणीसशे पंचावन्नच्या कार्तिकात ही सगळी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगली. सलग दुसरं वर्ष. पाणी काळं पडलं होतं आणि वास असा की टोल्यातली कुत्रीसुद्धा काठाला जाईनात.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सन. दोराचं हे पीक कापायचं, पेंड्या बांधायच्या आणि दगड ठेवून पाण्यात बुडवायच्या. आठ-दहा दिवसांत साल कुजून सुटते, सोलून धुतली की पांढरा धागा हाती येतो. पण कुजणारी साल पाण्याचा जीव खाते. डोहाचे मालक मालगुजार होते तोवर त्यात सन घालायची कोणाची छाती नव्हती. त्यांना मासळी फार आवडायची, बाकी काही कारण नव्हतं. मालगुजारी गेली, डोह सरकारचा झाला, आणि सरकार बसलं चांद्याला. त्यातच खाणींमुळे दोराला गिऱ्हाईक वाढलं. वरच्या अंगाच्या पळसगावनं आणि कुसुमटोल्यानं सन जास्त पेरला, आणि सगळा आणून इथं बुडवला.

शकुबाईचा नवरा लटारू हा कमी बोलणारा माणूस. मेलेली मासळी काठावर ओढून पुरल्यावर त्यानं हात धुतले आणि माजरीच्या कोळसाखाणीत जायचं ठरवलं असल्याचं सांगितलं. मुकादम ओळखीचा होता, राहायला खोलीही मिळणार होती. शकुबाईनं रडारड केली नाही. तिनं फक्त पुढचा एक कार्तिक मागितला. तेवढ्यात डोह सुधारला नाही तर ती स्वतः भांडी बांधणार होती.

"डोह का तुह्यं ऐकते?" लटारूनं विचारलं.

"डोह ऐकते जी. माणसाईचंच पाहा लागते."

थंडीत ती आधी पळसगावला गेली. तिथले मोठे कास्तकार भैयाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. शकुबाईनं हात जोडून सांगितलं की डोहात सन घालू नका. भैयाजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "तुह्यं जाळं कायचं हाय, शकुबाई?"

 जाळं सनाचंच होतं. नदीकाठच्या गाळात टोल्यातली दहाही घरं थोडा थोडा सन पेरत, याच डोहात भिजवत आणि त्याच्याच सुताची जाळी विणत. आपली एवढीशी घाण आजवर तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

मग ती जंगलाच्या कडेला कुसुमटोल्यात गेली. ते गोंडांचं गाव. तिथला गायता, म्हणजे गावाचा पुजारी आणि वडीलधारा, पत्रू, झाडाखाली दोर वळत होता. त्याच्यापुढेही तिनं तेच म्हणणं मांडलं, पण आता आवाज जरा खालचा होता. पत्रू पळसगाववर खापर फोडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं नुसता दोराला पीळ दिला.

"घालू नोको म्हणतं तं नाई घालत, बाई," तो म्हणाला. "पर बैलाले दावं लागतेच ना. मंग किती घालू ते सांग."

किती, ते तिला सांगता येईना. वाटभर तो एकच शब्द तिच्या डोक्यात घुमत राहिला. नको म्हणायला आलेली बाई किती हा प्रश्न घेऊन घरी परतली.

ढिवरांचा सन इतरांच्या आधी कापला जातो, फुलावर असतानाच, कारण जाळ्याला सूत मऊ लागतं. पुढच्या वर्षी आश्विनात टोल्याचा सन कापून झाला तेव्हा शकुबाईनं दहाही घरांना विनवलं की यंदा एकदम बुडवू नका, मी सांगेन तसा घाला. बायका हसल्या, पण तिनं मागितलेलं काही फार मोठं नव्हतं. रोज दोन कोडी पेंड्या घालायच्या, सकाळी एक आणि तिसऱ्या प्रहरी एक. कोडी म्हणजे वीस. आणि ती स्वतः काठावर बसून राहायची, झिंगे पाहत.

पाण्यातला जीव कमी होऊ लागला की सगळ्यांत आधी झिंग्यांना कळतं. मासळी अजून खाली निवांत असते, तेव्हाच झिंगे काठाच्या दगडांवर येऊन अर्धे बाहेर बसतात. ही गोष्ट टोल्यातल्या पोरासोरांनाही माहीत होती. झिंगे काठाला आले की लोक टोपल्या घेऊन धावत. शकुबाईनं मात्र टोपली घरीच ठेवली होती.

"झिंग्याईले विचारून राह्यली का?" लटारू जाता जाता म्हणायचा.

"तुमच्यापरीस बोलतात ते," ती म्हणायची.

पाचव्या दिवशी दहावी कोडी पडली आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दगडांवर झिंगे दिसले. शकुबाईनं ती दहावी कोडी लगेच बाहेर काढायला लावली. संध्याकाळपर्यंत झिंगे खाली गेले. नऊ कोडी. डोहाला सोसतं ते एवढंच.

दिवाळी झाल्यावर काठावरच्या करंजाखाली तिन्ही गावांची माणसं बसली. त्याच आठवड्यात मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. कोणीतरी सरकारात अर्ज करायची गोष्ट काढली, तेव्हा भैयाजींनी विचारलं की नागपूरकडे करायचा की मुंबईकडे. डोह कोणत्या राज्यात आहे हे डोहाला तरी माहीत आहे का. सगळे हसले आणि अर्ज तिथंच राहिला. मग शकुबाईनं वाटणी सांगितली. पळसगाव मोठं, त्यांना चार कोडी. कुसुमटोल्याला तीन. ढिवरांना मागचं उरलंसुरलं भिजवायला एक. बाकीचा सन ज्यानं त्यानं आपल्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, भिजवावा.

"हे त आठच झाले," भैयाजी म्हणाले. "नववी कोणाची?"

"पाण्याची."

"पाण्याले कायले पाहिजे सन? पाणी का दोर वळते?"

"घरी पाच माणसं असले त भात सहाचा टाकतो ना जी आपण. तसं समजा."

येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे भैयाजींच्या घरी कधीच मोजून पाचाचा भात शिजला नव्हता. ते मिशीत हसले आणि त्यांनी मान डोलावली. पत्रूनं उठून नदीच्या पाण्यानं चूळ भरली. त्याच्याकडे शब्द दिल्याची ती खूण होती.

सन पाण्यात गेला आणि चौथ्या दिवशी झिंगे काठावर आले. एखाद-दुसरा नाही, सगळे दगड झिंग्यांनी भरले होते. दुपारी दोन मोठे कतला मासे उताणे होऊन वर आले.

टोल्यात एकच बोल झाला: भैयाजीनं फसवलं, चार सांगितल्या आणि दहा घातल्या.  लटारूनं वाळत घातलेलं जाळं काढलं, गुंडाळलं आणि आढ्याला टांगून टाकलं. पुन्हा लागणार नाही अशा वस्तू त्या घरात आढ्यालाच जात. शकुबाईनं ते पाहिलं आणि लुगड्याचा काष्टा आवळून ती पाण्यात उतरली.

कमरेइतक्या काळ्या पाण्यात उभं राहून तिनं पेंड्या मोजल्या. पळसगावच्या ऐंशी. कुसुमटोल्याच्या साठ. टोल्याच्या वीस. एकही जास्त नव्हती. तिनं पुन्हा मोजल्या. मग दगड नीट बसवावा म्हणून तिनं पळसगावची एक पेंडी कवेत घेतली, तर तिची बोटं पलीकडे एकमेकांना लागेनात. टोल्याची काय, कुसुमटोल्याची काय, पेंडी तिच्या दोन पंज्यांत मावायची.

ती तशीच ओल्या लुगड्यानं पळसगावच्या शिवारात गेली. तिथं अजून कापणी चालू होती. एक मजूरबाई गुडघा दाबून पेंडी आवळत होती. शकुबाईनं विचारलं की एवढी मोठी काऊन बांधता बाई, उचलताना कंबर जात असेल.

"दहावी पेंडी आमची असते ना वं मजुरीची," ती म्हणाली. "लहान बांधली त आमालेच लहान भेटन."

शकुबाईला तिथंच बांधावर हसू आवरेना. मजूरबाईला वाटलं, हिला ऊन लागलं.

टोल्यातली माणसं भैयाजींशी भांडायला काठ्या शोधत होती तेवढ्यात शकुबाई भैयाजींच्या ओसरीवर पोचली. भैयाजींच्या कानावर बोभाटा आधीच गेला होता आणि ते तयारीत बसले होते. ऐंशीच्या वर एक जरी निघाली तर मिशी उतरवीन, असं ते ती बसायच्या आतच बोलून गेले.

"ऐंशीच हाय जी," शकुबाई म्हणाली. "मी मोजल्या. चूक माही हाय. मी कोड्या मोजल्या, पेंडी कोणाची किती ते पाह्यलंच नाई. आमची ते पेंडी, तुमची ते पेंडी, अन् नाव एकच."

भांडणाची तयारी करून बसलेल्या माणसाला समोरच्यानं चूक कबूल केली की काय करावं सुचत नाही. भैयाजींनी चपला घातल्या. डोहावर येऊन त्यांनी स्वतः आपली एक पेंडी सोडवली आणि टोल्याच्या मापानं बांधायला लावली. एकीच्या तीन झाल्या. चार कोडी म्हणून त्यांनी बारा कोडी घातल्या होत्या.  मग गडी बोलावून त्यांनी आपल्या चोपन्न पेंड्या उपसायला लावल्या, बैलबंडीत भरल्या आणि स्वतःच्या बोडीकडे रवाना केल्या. धान पिकत आलं होतं, बोडीच्या पाण्याची आता गरज नव्हती. तरी घरचे बैल आठ दिवस ते पाणी तोंडी लावणार नाहीत, याबद्दल त्यांनी बंडी भरेपर्यंत शकुबाईला ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

एक गाठ मात्र राहिली होती. यापुढे पेंड्या लहान बांधायच्या म्हटलं तर मजूरबायांची दहावी पेंडीही लहान होणार. डोह वाचवायचा आणि त्या बायांच्या पोटावर पाय द्यायचा, हे शकुबाईला पटेना. तिनं भैयाजींना तिथंच सांगितलं की शेतात बांधाल ती पेंडी मजुरांची, तिला हात लावू नका. काठावर आणली की सोडा आणि डोहाच्या मापानं पुन्हा बांधा. भैयाजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्यांचे गडी होकारानं माना हलवत होते आणि ते त्यांना दिसत होतं.

माप पत्रूनं केलं. त्यानं एकाच बांबूच्या तीन सारख्या कामट्या काढल्या आणि वाकवून तीन कडी बांधली, गावाला एक. कड्यातून जाईल ती पेंडी, अडकेल ती नाही. शकुबाईच्या हातात तिचं कडं देताना त्यानं डोहाकडे बोट केलं आणि "येर" एवढंच म्हणाला. गोंडीत येर म्हणजे पाणी.

तिसऱ्या दिवशी झिंगे दगडांवरून उतरले. ते दोन मोठे कतला तेवढे गेले, ते काही परत येणार नव्हते. पण पाण्याचा काळा रंग आठवड्यात तपकिरी झाला आणि पंधरवड्यात खालचा गाळ दिसू लागला. एका सकाळी शकुबाई उठली तेव्हा आढ्याचं जाळं जागेवर नव्हतं. लटारूही नव्हता.

पौषात माजरीहून मुकादम आला. माणसं गोळा करत तो ढिवरटोल्यात पोचला तेव्हा लटारू छातीभर पाण्यात जाळं ओढत होता. मुकादमानं काठावरून हाक मारली आणि गेल्या वर्षीच्या बोलण्याची आठवण दिली.

लटारूनं जाळं न सोडताच विचारलं, "खाणीत पाणी असते का जी?"

"लागते ना. पर आमी इंजन लावून बाहीर फेकतो."

"मंग माहं तिथी काय काम?" लटारू म्हणाला आणि त्यानं बुडी मारली.

मुकादम थोडा वेळ पाण्यावर उठलेल्या बुडबुड्यांकडे पाहत उभा राहिला. शकुबाईनं तोवर दोन बऱ्यापैकी वामी पळसाच्या पानांत गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं रिकाम्या हातानं जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.