दुधाचा दात

अकोल्याच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मला एका जागी बसवेना. माझी पाच वर्षांची मिनू गाल धरून रडत होती. रात्री मी तिच्या हातात ब्रश दिला की माझे बाबा म्हणायचे, "झोपू दे तिले." आताही शेजारी बसून त्यांची कुरकुर चालूच होती, "दुधाचा दात, पडनारच हाये. त्याले कायले डॉक्टर?"

मी मिनूएवढी असताना, तेल्हाऱ्याला आमच्या घरी, हेच ते म्हणाले होते. वेचणीचे दिवस होते. खोलीत आढ्यापर्यंत कापूस, अंगाला नुसती खाज, आणि दाढ धरून येरझारा घालणारी मी. आईने ढिगातला पुंजका उचलला, सरकी काढली आणि लवंगेच्या तेलात बुडवून दाढेत दाबला.

"पडनारच हाये, तर दुखते कावून?" मी बाबांना विचारलं. ते उठले आणि बैलांकडे निघून गेले.

आमचा नंबर लागेना. मी पुन्हा उठले, तेवढ्यात मिनू म्हणाली, "आबा, पडणारच आहे, तर दुखतो कशाला?"

या वेळी बाबा उठले नाहीत. तिच्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिले. मग मान वर करून मला म्हणाले, "तुलेबी असंच दुखत होतं का वं?"