भाताला ताप आला तेव्हा

आमच्या घरात भात शिजवत नाहीत, झोपवतात.

पद्धत सोपी आहे. पातेल्यात तांदूळ-पाणी घालायचं, गॅसवर चांगली उकळी काढायची, घट्ट झाकण ठेवायचं आणि गॅस बंद! मग पातेलं जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, त्यावर गोधडी, गोधडीवर लोकरीची शाल आणि सगळ्यात वर टॉवेल, कानटोपीसारखा आवळून बांधलेला. हे गाठोडं मधल्या खोलीतल्या कॉटवर नेऊन ठेवायचं. आतल्या आत भात शिजतो आणि सिलिंडरमधला गॅस आहे तेवढाच राहतो. पाहणारा वेडा म्हणतो. म्हणू दे.

मी रामनगरच्या बाजारात शिंपीकाम करतो. काटकसर आमच्या हाडातच आहे. उरलेल्या तुकड्यांच्या आमच्याकडे उशा होतात, उशा फाटल्या की पायपुसणी, आणि पायपुसणी फाटली की सायकल पुसायचं फडकं. सरकारी बसला बायकांचं तिकीट माफ झाल्यापासून खानापूरची सगळी कामं बायको शोभाच करते. (मी एकदा हौसेनं बरोबर गेलो होतो. तिकीट काढताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पुढच्या स्टॉपवर उतरून चालत यावंसं वाटलं!) पण या सगळ्यात माझा जीव भातावर. आणि तो झोपवण्यात आमच्या एकुलत्या एक लेकीचा, मनीषाचा हात कुणी धरणार नाही.

त्या रविवारी मनीषाला बघायला खानापूरकडची मंडळी येणार होती. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली. आत्यानंच त्याला वाढवलं, त्यामुळं होकार-नकार सगळा तिच्या हातात. स्थळ चांगलं होतं, मुलगा शिकलेला होता, आणि मुख्य म्हणजे मनीषाला फोटोत आवडला होता. तिला आवडलेलं हे पहिलंच स्थळ.

मंडळी जेवायला येणार म्हणून मनीषानं भात झोपवला. आणि मंडळी सांगितल्यापेक्षा बरीच आधी आली!

धावपळ झाली. आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत बसलो. आत्या पाय धुवायला मागच्या दारी गेल्या. वाट मधल्या खोलीतून. परत आल्या त्या पावलांचा आवाज न करता, आणि खुर्चीवर टेकत एकदम हळू आवाजात म्हणाल्या,

"आत झोपलंय वाटतं."

मला वाटलं, शोभानं यांना भाताचं सांगितलं. माझी छाती फुगली. जेवणाआधीच विषय निघाला!

"व्हय की अक्का," मी म्हणालो. "आत्ताच झोपवलाय."

(भात हा शब्द पुल्लिंगी आहे, याचा इतका तोटा मला शाळेतसुद्धा झाला नव्हता!)

"झोपवलाय!" आत्यांनी भावाकडं बघितलं. "कुणी झोपवलाय?"

"आमच्या मनीषानं. तिच्याशिवाय कुणाला जमतच न्हाई बगा."

मुलाचे वडील पोह्यांचा चमचा तोंडाशी नेत होते. तो तिथंच थांबला.

"पावनं," आत्या जरा घुटमळल्या, "तुमाला ही एकच लेक न्हवं?"

"एकच!"

"मग हे... कवापासनं?"

"झालं की वर्ष. सुरवातीला लोकांनी नावं ठिवली. शेजारची तर हसायची. पर आमी लाजत न्हाई, अक्का. येईल त्या पावण्याला आपण हून सांगतो."

"सांगता?"

"सांगतो म्हंजे? दाखवतो! लपवायचं काय त्यात? आणि खरं सांगू, लगीन होऊन तुमच्याकडं आली, की वर्साच्या आत तुमच्या घरात बी हे सुरू करंल ती!"

मुलाच्या वडलांना ठसका लागला. पोहे नाकात गेले. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला, जणू त्यात पळून जायची वाट दाखवली होती. मी मात्र खुशीत! मला वाटलं, माणसं भारावली.

आत्या उठल्या. पदर खोचला. "मी बघतेच जाऊन," म्हणाल्या आणि सरळ मधल्या खोलीत. त्यांच्यामागं भाऊ, त्याच्यामागं मुलगा, आणि सगळ्यात मागं मी, प्रदर्शन दाखवणाऱ्यासारखा.

कॉटवर गाठोडं शांत पडलेलं. टॉवेलखाली झाकणाची मूठ वर आलेली, अगदी नकट्या नाकासारखी. ते बघून आत्यांचा राग एकदम उतरलाच. बाई मायाळू. पोराला आईविना वाढवलेली. त्यांनी खाली वाकून हलकेच नाकाच्या वर, म्हणजे जिथं कपाळ असायला हवं तिथं, हात ठेवला.

आणि किंचाळल्या.

"अगं बया! ताप हाय की लेकराला! अंग भाजतंय!"

मी हबकलो. लेकरू? कुठलं लेकरू?

"आणि वरनं एवढं गुंडाळलंय? गुदमरंल की ते! माणसं हायसा का कोण?" आत्यांनी टॉवेलच्या गाठीला हात घातला.

लेकरू कुठलं ते मला अजून कळलं नव्हतं, पण भाताचं काय होणार ते कळलं. मी ओरडलो, "अक्का, सोडू नका! वाफ जाईल!"

"वाफ? तुमची वाफ गेली खड्ड्यात!" त्यांनी टॉवेल ओढला. शाल ओढली. गोधडी ओढली. लुगडं ओढलं. झाकण ठण्णकन फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत कॉटखाली गेलं. वाफेचा असा लोट उठला, की आत्यांचा चष्मा पांढराफटक!

आत्यांनी चष्मा पुसला. वाकून बघितलं.

"भात?"

दारात मनीषा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं. "मग तुमी काय समजलासा, आत्या?" तिनं विचारलं, आणि आत्या तोंड उघडायच्या आत तिच्या लक्षात आलं. तितक्यात आल्यापासून शब्द न बोललेला मुलगा भिंतीला टेकून हसायला लागला. असा हसला, की खालीच बसला. मग मनीषा. मग मुलाचे वडील, नाक पुसत पुसत. मला मात्र हसणाऱ्यांची तोंडं बघून एकेक वाक्य उलगडत गेलं. 'येईल त्या पावण्याला सांगतो.' 'तुमच्या घरात बी सुरू करंल.' देवा! पोटच्या पोरीबद्दल मी हे काय काय बोलून बसलो होतो!

आत्या हसल्या नाहीत. "आमाला येडं ठरवायला बोलिवलासा व्हय?" एवढंच म्हणाल्या.

शोभानं पातेलं उचललं. भात अर्धा कच्चा. "ऱ्हाऊ द्या, गॅसवर ठेवते, आत्ता हुतोय," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. काडी ओढली. ज्योत निळी झाली, मग बारीक झाली, मग फुस्स!

सिलिंडर संपलं!

(दुसरं? दुसरं रिकामंच होतं. भरून आणू या, असं शोभा महिनाभर सांगत होती. पहिलं संपायच्या आधी कशाला, असं मी महिनाभर सांगत होतो.)

"अहो," शोभा दातावर दात ठेवून म्हणाली, "आता तुमीच जाऊन झोपा त्या कॉटवर. गुंडाळते मी!"

मला रडू यायचं बाकी होतं. पण मनीषा! तिनं चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, चांगल्या साडीचा पदर कमरेला खोचला, पातेलं घेतलं आणि मागच्या परसातल्या चुलीकडं गेली. ना धांदल, ना कुरकुर. लाकडं जरा ओली होती. धूर नुसता! आत्या खिडकीतून बघत होत्या. थोडा वेळ बघितलं, मग राहवेना. "तसं न्हवं गं, बारीक काटक्या आदी घाल," असं म्हणत त्या बाहेर गेल्या आणि मनीषाच्या हातातली फुंकणी घेऊन खाली बसल्या.

आम्ही चौघं खिडकीला नाक लावून.

"काय गं," आत्या फुंकता फुंकता म्हणाल्या, "माझ्या घरात बी असं गुंडाळून ठेवशील?"

"ठेवीन की," मनीषा म्हणाली. "पर पावणं यायच्या दिवशी न्हाई."

आत्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. तोंडावर पदर धरला. आणि मग जे हसू फुटलं, ते शेजारच्यांनी कुंपणापाशी येऊन ऐकलं. दोघी आत आल्या तेव्हा दोघींच्या गालांना काजळी, डोळ्यांत पाणी. धुराचं किती आणि हसण्याचं किती, देव जाणे.

भाताला धुराचा वास होता. सगळ्यांनी दोनदा घेतला. पानावरून उठताना आत्या म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. बाप जरा..." इथं त्या थांबल्या. "असू दे. पोरगी पसंत हाय."

मनीषा आतून ऐकत होती. तिचा चेहरा बघून मला जे वाटलं, ते इथं लिहीत नाही. जीपमध्ये बसताना आत्या हळूच माझ्याजवळ आल्या. "ते गुंडाळायचं कसं म्हनलासा?" मी लुगड्यापासून टॉवेलच्या गाठीपर्यंत सगळं अगदी अभिमानानं सांगितलं. त्या अभिमानाच्या भरात, आधी उकळी चांगली काढायची असते, एवढंच सांगायचं राहिलं.

ते कळलं पुढच्या महिन्यात, लग्नाची तारीख धरायला आम्ही त्यांच्याकडं गेलो तेव्हा. जेवायच्या वेळी आत्यांनी स्वतः आतून गाठोडं आणलं. शाल, टॉवेल, सगळं जिथल्या तिथं! माझे डोळे भरून आले. रामनगरच्या एका शिंप्याची युक्ती खानापूरकडं पोचली! मग पहिला घास घेतला. शितं एकेक करून दाताला लागत होती, नुकत्याच भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी.

"कसा झालाय, पावनं?" आत्या समोरच बसलेल्या. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. शोभानं पानाआडून माझा गुडघा दाबला.

मुलीचा बाप मी. गुरूही मीच.

"झकास!" मी म्हणालो.

"मग घ्या की आनी!"

घेतला. परत घेतला. परतीच्या बसमध्ये माझी छातीही फुगली होती आणि पोटही!