हमीपत्रात नसलेली पेज

आजही मुलुंडच्या आमच्या घरात उकड्या तांदळाची पेज शिजू लागली, की मी हातातले काम टाकून ओट्यापाशी धावतो.

लग्नाआधी वजन उतरवण्यासाठी माझी मुलगी वैशाली कुण्या तज्ज्ञाच्या तक्त्यानुसार काकडी आणि पावडरीवर जगत होती. मी आयुष्यभर तक्रारअर्ज लिहीत आलेला माणूस. मी तिच्याकडून रीतसर हमीपत्रच लिहून घेतले: तक्त्याबाहेरचा कणही खाणार नाही. साक्षीदार म्हणून तिच्या आईची सही.

बाराव्या दिवशी वैशाली ओट्यापाशी कोसळली. ओठ पांढरे, तळवे थंडगार. शुद्धीवर येताच आईने पेजेचा वाडगा तिच्या तोंडाशी नेला, तर ती पुटपुटली, “बाबा, चालेल ना? सही केलीय मी.”

“त्यांना काय विचारतेस? पी गप!” आई ओरडली. “आणि तुम्ही बघत काय राहिलात? डोकं धरा तिचं!”

त्या तज्ज्ञाला मी पुढे तीन संतप्त पत्रे पाठवली. हमीपत्राचा मसुदा मात्र माझाच होता.

आता माहेरी आली की वैशाली भात, भाजी, मासे, सारे बेताने आणि चवीने खाते. तरीही ती “बाबा, पुरे” म्हणाली, की पोट भरल्याचे दिसत असूनही मी घाबरून विचारतो, “नक्की?”