तो दोनदा पडला होता

मुलाने जुन्या मूकपटाची नवी, ओरखडे काढून स्वच्छ केलेली डिस्क आणल्यापासून माझे चित्त स्थिर नाही. जपाला बसलो तरी तोच चित्रपट डोळ्यांपुढे येतो. आज ताडून पाहण्यासाठी जुनी व्हिडिओ कॅसेट काढली, तेव्हा डबीतून कापराचा वास आला आणि जे. पी. नगरच्या घरातली ती दुपार समोर उभी राहिली.

आईला तेव्हा काहीच ऐकू येत नसे. आम्ही हसायचो आणि ती आमची तोंडे पाहत बसायची. त्या दुपारी मात्र ह्याच मूकपटातला नायक शिडीवरून हौदात पडला आणि ती आमच्याबरोबरच हसली. लगेच तो तसाच पुन्हा पडला. "अगो बाई, मेला परत पडला!" म्हणत, पुन्हा हसत तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

नव्या डिस्कमध्ये तो एकदाच पडतो.

"बाबा, कॅसेटमध्ये तो तुकडा चुकून दोनदा आला होता," मुलगा म्हणाला आणि इथल्या कानडी सवयीने पुढे जोडले, "सरी, मग ही कॅसेट टाकून देऊ?"

पोथ्यांचे पाठ ताडताना, लेखनिकाने चुकून दोनदा लिहिलेली ओळ मी आयुष्यभर तांबड्या शाईने खोडत आलो आहे. तरीही कॅसेट त्याच्या हातून काढून घेतली.

"राहू दे. ह्या प्रतीत आई दोनदा हसते."