चौकशी फी

रत्नागिरीत खोली शोधायला लागले तेव्हा मला एक नवाच धंदा कळला. खोली भाड्याने न देताही खोलीवर कमाई करता येते.

आईचं डायलिसिस इथे सुरू झालं होतं. मंडणगडाहून एसटीने यायचं आणि त्याच दिवशी परत जायचं, यात तिचा जीव अर्धा होई. मला ते बघवत नव्हतं. मी इथे नोकरीला, पण कॉट बेसिसवर राहणारी. तिथे आईला कुठे ठेवणार?

हॉस्पिटलच्या वाटेवर एका चिरेबंदी बंगल्यावर पाटी दिसली. खोली तळमजल्यावर होती, म्हणजे आईला जिना नको. मालक निवृत्त काका, चेहऱ्यावर नुकतीच पूजा आटोपल्याचा भाव. कुलूप उघडायच्या आधीच त्यांनी चौकशी फी मागितली.

"परत मिळत नाही हां," ते म्हणाले. "माणूस पारखायचा तर खर्च येतो."

माझ्याआधी बरीच माणसं पारखून झाली होती आणि खोली रिकामीच होती. तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं, पण मी निमूट पैसे दिले. मग त्यांनी गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाचा नंबर मागितला. आमच्या वाडीत आईहून जबाबदार कोणी मला सुचेना. तिचाच दिला.

संध्याकाळी काकांनी तिला फोन केला. मुलगी कशी आहे?

"भांडकुदळ आहे, पण कुणाचे पैसे बुडवायची नाही," आई म्हणाली. "आता तुमचं सांगा." मे महिन्यात विहिरीला पाणी राहतं काय? आधीचे भाडेकरू का गेले? गणपतीत तुमची मुंबईची माणसं आली की भाडेकरूने कुठे जायचं?

दुसऱ्या दिवशी काका लालबुंद. भाडेकरूने मालकाची चौकशी करायची, ही कुठली पद्धत? खोली मिळणार नाही. आणि फी? चौकशी पूर्ण झाली, फी संपली.

मी तिथूनच आईला फोन केला. वाटलं, हळहळेल.

"त्याने एकच प्रश्न विचारलान गो," ती म्हणाली. "बाकी सगळी चौकशी मी केली. माझी फी माग त्याच्याकडे."

आई अजून एसटीनेच येते. पाटी तिथेच आहे, खोलीला कुलूपही. हॉस्पिटलमधून परतताना ती माझा हात धरून त्या बंगल्याच्या फाटकाशी दम खायला थांबते. आम्हाला बघितलं की ओटीवरचे काका लगबगीने आत जाऊन दार लावून घेतात. फी मागायला आली, असं वाटत असावं त्यांना.