साडूंच्या छपरीतला रविवार

आर्वीत किंवा आसपासच्या गावांत पंधरा-सोळा वर्षांचं एखादं पोर जेवता जेवता थांबलं, "पण आई, चांगलं म्हणजे काय?" असं विचारू लागलं आणि आईने कपाळावर हात मारून घेतला, तर खुशाल समजावं की ते माझ्या साडूंच्या हाताखालून गेलेलं आहे. दुसरं कारण संभवत नाही. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवतो, एम.ए.ला विद्यापीठात दुसरा आलो होतो, घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत. पण माझ्या शिकवण्याने कोणाचं जेवण अडल्याचं अजून ऐकिवात नाही.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आणि नात्याने धाकटे, त्यामुळे कोणी कोणाला मान द्यायचा हे तीस वर्षांत ठरलं नाही. दोघंही एकमेकांना 'साडभाऊ' म्हणत असू आणि समोरच्याने आधी नमस्कार करावा म्हणून दोघंही थांबत असू. त्यांचं शिक्षण बारावीपर्यंत. नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची. गाडी येऊन लागली की वरच्या कापसाकडे ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधला मूठभर कापूस उपसायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे आणि तुटलेला धागा उजेडाकडे धरायचे. वर पांढराशुभ्र कापूस आणि आत किडकी कवडी, म्हणजे पिवळट, वाया गेलेला कापूस, हा प्रकार त्यांनी इतके हंगाम पाहिला की ती हाताची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कोणाकडे गादीवर टेकले की बोट आपोआप शिवणीत जाई. आमच्या नव्या रजईचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली आणि "वरून चांगली आहे, साडभाऊ," एवढंच म्हणाले. माझ्या बायकोने आठवडाभर ती रजई अंगावर घेतली नाही.

हळूहळू ही सवय माणसांच्या बोलण्यापर्यंत गेली. त्यांच्या पुतणीला बघायला पुलगावची मंडळी आली होती. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "आमचा मुलगा फार साधा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "साधा म्हंजे कसा? त्याले काही पाह्यजेच नाई, का पाह्यजे पण मांगता येत नाई?" मेहुणीने आतूनच देवाला हात जोडले. वडील तांबडे झाले. शेवटी मुलानेच बराच विचार केला आणि खाली मान घालून सांगितलं, "मागता येत नाही." ते लग्न झालं. त्या एका उत्तरासाठी आपण होकार दिला, असं पुतणी अजून सांगते.

वर्ग सुरू झाला तो अपघातानेच. शेजारच्या दोन मुली भाषण स्पर्धेसाठी 'प्रामाणिकपणा' हा विषय त्यांच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून पाठ करत होत्या. दोनदा ऐकून घेतल्यावर साडू म्हणाले, "हा वरचा कापूस झाला, बाई. मधातला काढ."

"मधात काय असते, काका?"

"मले काय मालूम? भाषण तुह्यं आहे."

मुली स्पर्धेला गेल्या. पहिली तिसऱ्या वाक्यावर थांबली आणि 'हे मला खरंच वाटतं का' याचा विचार करत वेळ संपेपर्यंत व्यासपीठावर उभी राहिली. दुसरीने तिला बघून नावच मागे घेतलं. शाळेने साडूंवर राग धरला. मुलींनी मात्र पुढच्या रविवारी आणखी चार मैत्रिणी आणल्या. वर्षभरात छपरीतली सतरंजी अपुरी पडू लागली. फळा नाही, पुस्तक नाही, वही नाही. आल्याबरोबर मोबाइल लोखंडी बादलीत टाकायचा. बोलण्याचा एकच नियम होता: 'आमच्या सरांनी असं सांगितलं' हे वाक्य चालणार नाही. कोणी ते म्हटलंच तर साडू हात झटकत, "सराचं सर पाहून घेतीन. तुले काय वाटते?"

गावात तत्त्वज्ञानाचा सर मी एकटाच. तेव्हा हा नियम कोणावर रोखलेला होता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे लपवण्यासारखं काही नाही. मला त्यांचा हेवा वाटे. साधासुधा नाही, चांगला मुरलेला. माझ्या तासाला भिंतीला डोकं टेकून झोपणारी तीन मुलं त्यांच्या छपरीत सकाळी आठला हजर असत, हे मी स्वतः दूध आणायचं निमित्त काढून पाहून आलो होतो. ते तिघंही परवडले असते. पण माझी मुलगी! ती चौदा वर्षांची झाली तेव्हापासून मी तिच्या टेबलावर निवडक पुस्तकं ठेवत होतो आणि ती त्यांवर टेबलफॅन ठेवत होती. फॅन नीट उंचीवर येतो म्हणे. एका रविवारी ती वेणी घालत होती. मी विचारलं, "कुठे निघालीस?"

"मावसाजींकडे."

"काय आहे तिथे?"

"तत्त्वज्ञान," ती म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मला फार काही नको होतं. तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे येऊन एखादा प्रश्न विचारावा, एवढंच. शेवटी मीच लाज सोडली. म्हटलं, "अगं, घरात माणूस बसला आहे. तुला पडलेलं मला का विचारत नाहीस?" तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "मावसाजी म्हणतात, तुह्या बाबाले विचारू नोको. ते उत्तर देऊन टाकतीन."

त्यानंतर पंधरा दिवस मी साडूंचं नाव घेतलं नाही.

मग एप्रिलमध्ये ते सगळ्या पोरांना एस.टी.ने पवनारला घेऊन गेले. धाम नदीच्या काठी, भर दुपारी, एका कडुनिंबाखाली त्यांनी प्रश्न टाकला: ही सावली झाडाची की उन्हाची? आणि अट घातली, ती कोणाची हे ठरेपर्यंत तिच्यात बसायचं नाही; परक्याच्या वस्तूवर बसणं बरं नाही. ते स्वतःही बसले नाहीत. तेवीस माणसं दीड तास सावलीच्या कडेने उन्हात उभी राहून वाद घालत होती. संध्याकाळी पाच मुलांना ऊन लागलं, त्यांत माझी मुलगी. मला काळजी वाटली हे खरं. आणि आता तरी यांचा वर्ग बंद पडेल म्हणून आत कुठेतरी बरं वाटलं, हेही खरं. मी तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होतो. डोळे न उघडता ती पुटपुटली, "सावली म्हणजे ऊन नसणं. मग नसणं थंड कसं लागतं?" मी आनंदाने पुढे सरसावलो, पण ती मला विचारत नव्हती. स्वतःशीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने साडूंकडे गेलो. "साडभाऊ, ही काय पद्धत झाली? नसण्याचा विचार आपल्या न्यायशास्त्रात झालेला आहे. अभावाचे चार प्रकार आहेत!" त्यांनी मला खुर्ची दिली, पन्हं दिलं आणि चारही प्रकार मन लावून ऐकले. "चारही मस्त आहेत," ते म्हणाले. "पोराईले नोका सांगू."

त्यांना जाऊन आता चार महिने झाले. सकाळी अंगणात चहा पिता पिता गेले. कप तेवढा सांडला. घाटावर शोकसभा झाली. कोणीतरी म्हणालं, "फार साधा माणूस होता," तेव्हा मागे उभ्या असलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मलाही बोलायला लावलं. मी जे बोललो ते व्याकरणशुद्ध होतं.

तेरवीनंतरच्या रविवारी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, पोरं येऊन बसलीत. काय सांगू त्यांना?" पोरांना समजावून परत पाठवावं म्हणून मी गेलो. छपरीत वाद आधीच पेटला होता. एक मुलगा म्हणत होता, "काका होते म्हणून वर्ग होता. आता संपला." त्यावर एक मुलगी कडाडली, "मंग आपन कोन होतो? सतरंजी?" तेवढ्यात मी दिसलो. "सर, तुम्ही सांगा."

माझ्याकडे उत्तर होतं. तीन मुद्दे, समारोपासह. माझ्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी काय करणार, हे तिला माहीत होतं. मी चपला काढल्या. साडूंची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसवेना, म्हणून दाराशी सतरंजीच्या कडेला बसलो. म्हणालो, "वर्ग बंद पडलेला काकांना आवडला नसता, असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणेलच. पण जो माणूस आता नाही, त्याला एखादी गोष्ट आवडत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो?"

पोरं माझ्याकडे वळून बसली. मग माझ्या तासाला झोपणाऱ्यांपैकी एकाने संशयाने विचारलं, "सर, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. मुलीने थोडं सरकून मला सतरंजीवर नीट जागा करून दिली.

परतताना ती स्कूटी चालवत होती आणि मी मागे बसलो होतो. बाजार समितीच्या फाटकाजवळ ती म्हणाली, "बाबा, प्रश्न बरा होता. पण तुमचा आवाज कापत होता."

"भीती वाटत होती गं."

"मावसाजींना पण वाटायची. दर रविवारी. पोरं यायच्या आधी दोनदा तोंड धुवायचे. मला सांगितलं होतं त्यांनी."

तिला सांगितलं होतं, मला नाही. जुनी कळ पुन्हा उठली आणि फाटकापासून घरापर्यंत टिकली. मग तिने गाडी उभी केली, कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला, तरी मी अंगणातच उभा होतो. विचारलं असतं तर त्यांनी मलाही सांगितलं असतं. तीस वर्षांत मी त्यांना कितीतरी गोष्टी समजावून दिल्या. विचारलं मात्र काहीच नाही.